बिनकारणाचा समुद्र

आमच्याकडची माणसं फिरायला जात नाहीत. जातात, लई लांब लांब जातात, पण कारणाला जातात. लग्नाला, मातीला, दवाखान्याला, पोरीसाठी स्थळ बघायला, कोर्टाच्या तारखेला. दिवाळी सरली की अर्धी गल्ली ट्रॅक्टरवर बसून ऊस तोडायला निघते, तीही लांबच जाते. पण कुणी मेलेलं नसताना, कुणाचं लग्न नसताना, धडधाकट माणसांनी घराला कुलूप लावून नुसतं बरं वाटावं म्हणून कुठंतरी जायचं, ह्याला आमच्या लहानपणी बीडजवळच्या चौसाळ्यात चांगला शब्दच नव्हता. ‘मजा मारायला गेलेत’ म्हणायचे, अन् म्हणताना तोंड असं करायचे, की जणू आपण कुणाच्या तरी ताटातलं उचलून खाल्लंय.

आम्ही गेलो होतो. मजा मारायला गेलो होतो. पुन्हा एकदा लिहिते, कारण लिहिताना बरं वाटतंय: आम्ही मजा मारायला गेलो होतो.

आज त्याच बेटावर बसलेय. अंदमानातलं नील बेट. मध्यंतरी सरकारनं त्याचं नाव बदललं, पण आमच्या घरात ते नीलच राहिलं, त्याला माझा इलाज नाही. समोर माझी माय पाण्यात बसलीय. पोहत नाही, खेळत नाही, फोटो काढ म्हणत नाही. बसलीय. पाय लांब करून, पदर खोचून, दारातल्या ओट्यावर बसावं तशी. लाट आली की जराशी हलते, लाट गेली की पुन्हा सावरून बसते. मी वाळूत बसून तिच्या चपला सांभाळतेय. शेजारी पुण्याकडचं एक जोडपं आहे, त्यातली बाई मघाशी मला म्हणाली, ‘तुमच्या आईंना कंटाळा नाही येत का हो?’ म्हटलं, नाही. तुम्हाला येत असेल तर उठा.

मला असं बोलायची सवय आहे. काय करणार? नोकरीच्या निमित्तानं कुठं ट्रेनिंगला गेले, की लोक विचारतात, कुठल्या तुम्ही? बीड म्हटलं की त्यांचा आवाज खाली येतो. ‘अच्छा, बीड.’ मग दुष्काळ, मग टँकर, मग ऊसतोड. मीच टँकर असल्यागत माझ्याकडं बघतात. होतं बाबा, सगळं होतं. टँकर होता, त्यामागं पळणं होतं, प्लास्टिकच्या घागरींची रांग होती. मी काहीच नाकारत नाही. पण आमच्याकडं हौसही होती, ती कुणी विचारत नाही. आमच्या आठवणी रडक्याच असल्या पाहिजेत, असा काही नियम असेल तर तो मी आज मोडतेय.

तर समुद्र. आमच्याकडं समुद्र फक्त आठवडी बाजारात यायचा. गोणपाटावर, सुकटीच्या ढिगात. त्या ढिगाजवळ गेलं की एक खारट, उग्र वास नाकात शिरायचा, अन् शेजारची मिरच्यावाली बाई पदर नाकाला लावायची. माय मात्र तिथं उकिडवी बसून बोंबील निवडायची. तव्यावर सुकट भाजली की तो वास घरभर, मग गल्लीभर, मग दुसऱ्या दिवशी माझ्या दप्तरात. वर्गातल्या पोरी दूर सरकायच्या. सरकू द्या. मला तो वास आवडायचा, अजून आवडतो. त्या वासाचं एक मोठं घर कुठंतरी असणार, एवढं मला तेव्हाही कळत होतं.

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, पोस्टात होते. कमी बोलायचे. केंद्र सरकारची नोकरी, त्यामुळं काही वर्षांतून एकदा कुटुंबाला घेऊन प्रवास करायची सवलत मिळायची. बाकीचे ती सोडून द्यायचे, नाहीतर देवाला जाऊन यायचे. आमच्या घरात देव नाहीत. आजोबांनी धम्म घेतला तेव्हाच ते फळीवरून उतरले. तेव्हा देवदर्शनाचं कारणही आमच्या हातात नव्हतं. एका संध्याकाळी जेवताना आबा म्हणाले, ‘सरकार समुद्रापल्याड जाऊ द्यायलंय. जायचं का?’

माय भाकरी थापत होती. तिचा हात थांबला. ‘कावून? तिथं कोण हाय आपलं?’

‘कुणी न्हाई.’

‘मग?’

‘मग काय. कुणी न्हाई म्हणूनच.’

माय एकदम हसली. भाकरीचं पीठ हाताला तसंच, अन् ती हसतेय. तव्यावरची भाकरी करपली, तिचा वास अजून माझ्या नाकात आहे. मी पाचवीत असेन. आपल्या घरात काहीतरी चोरून आणल्यासारखं चांगलं आलंय, असं मला वाटलं.

आता नाना. नाना म्हणजे आबांचा धाकटा भाऊ, आमच्या भिंतीला भिंत लावून राहणारा. त्याचं बिऱ्हाड त्या वर्षीही कारखान्यावर निघालं होतं, कोयते धार लावून पोत्यात बांधून ठेवलेले. त्याला कळलं तसा तो दारात येऊन उभा राहिला. आत नाही आला.

‘दादा, पाणीच बघायचं तर कपिलधारच्या धबधब्याला जावा की. बसनं गेलं तर दुपारच्याला परत. गल्लीत टँकर येईना, बायका हंड्यावरून डोकी फोडून घ्यायल्यात, मी लेकरं घेऊन पालात राहायला चाललोय, अन् तुमी समुद्र बघायला? लोक तोंडावर थुंकतील.’

नानाचा राग मला आज कळतो. थंडीत उसाच्या पाचटावर झोपणाऱ्या माणसाला भावाची सहल सोसवत नाही, ह्यात नवल काय? पण राग कळणं वेगळं आणि तो मान्य करणं वेगळं. मी तो मान्य करत नाही.

निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर गल्ली लोटली होती. लांबच्या वाटेला कुणी निघालं की आमच्याकडं असंच असतं. कुणी धपाटे बांधून आणतं, कुणी शेंगदाण्याची चटणी, कुणी नुसतंच डोळ्याला पदर लावून उभं राहतं. हॉटेलातल्या भज्यांचा वास, डिझेलचा धूर, हायवेवरच्या ट्रकांचे भोंगे. आमच्या समोरच्या घरातल्या जनाकाकू पुढं आल्या. त्यांनी मायचं तोंड दोन्ही हातांत धरलं अन् म्हणाल्या, ‘घाबरू नको गं बाई. मद्रासचे डॉक्टर लई हुशार हायत. डोळे चांगले हून ये.’

मायनं आबांकडं बघितलं. आबा बसची पाटी वाचत होते. जन्मात पाटी पाहिली नसावी अशी वाचत होते.

‘कोणते डोळे?’ मी म्हणाले. मायनं मला असा चिमटा काढला, की पुढं जहाजातही तो निळा होता.

‘व्हय काकू,’ माय म्हणाली. ‘येते चांगले करून.’

बस हायवेला लागली. मग माय खिडकीकडं तोंड करून म्हणाली, ‘मला इचारायचं तरी.’

‘नाना ऐकंना,’ आबा म्हणाले. ‘जाताना भांडण कशाला म्हणून त्याला सांगितलं, समुद्राचं राहिलं, हिच्या डोळ्यांसाठी मद्रासला चाललो. दवाखान्याला कुणी नाव ठेवत न्हाई.’

‘माझे डोळे चांगले हायत.’

‘मला माहीत हाय.’

‘मग त्यांच्यावर कावून घातलंव?’

आबांनी धपाट्याचं फडकं सोडून तिच्यापुढं धरलं. तिनं घेतलं नाही. परळीला रेल्वेत बसल्यावर घेतलं.

मद्रासहून जहाज. त्या जहाजाचं मला काय आठवतं सांगू? रंगाचा वास. लोखंडी जिन्याचा गारठा. इंजिनाची घरघर, जी पायांतून वर चढून दातांत यायची. आणि माय, जी तिथं खरोखरची आजारी पडली. बादलीत तोंड घालून ओकत होती अन् मधेच डोकं वर काढून आबांना म्हणत होती, ‘घ्या! आणखी बोला खोटं!’ असं म्हणून हसायची, हसली की पुन्हा ओकायची. आबा तिची पाठ चोळत होते. गल्लीत त्यांनी तिच्या पाठीला कधी हात लावलेला मी पाहिला नव्हता.

आणि मग नील. तेव्हा इथं काही नव्हतं. लाकडी धक्का, नारळी, सुपारीच्या बागा, भाजीचे मळे, लाल मातीची एक वाट. ओल्या शेवाळ्याचा, फुटलेल्या नारळाचा, वाळत घातलेल्या मासळीचा वास. किनाऱ्याला केवड्यासारखी काटेरी झाडं, अन् वाळूवर खेकड्यांनी केलेली नक्षी, जी सकाळी असायची अन् दुपारी पुसली जायची. इथली माणसं बंगालची, फाळणीनंतर येऊन वसलेली. त्यांच्यातल्याच एका बाईच्या घरी आम्ही उतरलो. सगळे तिला बौदी म्हणायचे, म्हणजे वहिनी. पत्र्याचं छप्पर, बांबूच्या भिंती, अंगणात विहीर.

पहिल्या सकाळी बौदी उठून बघते तर तिच्या घरातलं प्रत्येक भांडं भरलेलं. बादल्या, पातेली, कळशी, परात, मासे धुवायचं घमेलं, अगदी तिच्या नवऱ्याची तोंड धुवायची लोटीसुद्धा. माय अंधारात उठून सगळं भरून बसली होती. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल त्याचा भरवसा नसतो. आलं की दिसेल ते भरायचं, मग ते वाटी का असेना. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, ते हातातच होतं.

‘दीदी, इतना पानी किसके लिए?’ बौदीनं विचारलं.

मायची हिंदी बीडच्या बाजारातली. ‘कल नहीं आया तो?’

‘कुआँ कहाँ जाएगा?’ बौदी म्हणाली अन् हसत सुटली. माय हसली नाही. विहिरी कुठं जातात ते तिला चांगलं ठाऊक होतं.

त्याच दिवशी दुपारी आम्ही किनाऱ्यावर गेलो तर समुद्र नव्हता. ओहोटी. लांबवर नुसते खडक, डबकी, काळं शेवाळ. सकाळी गुडघ्याला लागत होतं ते सगळं पाणी कुठं गेलं कुणास ठाऊक. माय कपाळाला हात लावून वाळूत बसली. ‘अगं बया! पाणी गेलं की!’ मग आबांकडं वळून, ‘तरी म्हणत होते, सकाळीच बसून घेते म्हणून.’ आबा तिला समजावू लागले, की हे असंच असतं, पुन्हा येतं. तिचा विश्वास बसेना. शेवटी तिनं जाऊन बौदीलाच विचारलं, ‘भाभी, इधर पानी कब छूटता?’

अन् बौदीनं वेळ सांगितली! भरतीची असते ना वेळ. माझी माय इतकी खूश झाली, की काय सांगू. वेळ सांगून येणारं पाणी! तिनं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं, की पाणी सांगितलेल्या वेळेला आलं. रोज ती त्या वेळेच्या आधी तयार व्हायची. केस बांधायची, पदर खोचायची, वाळूत बसून राहायची. पहिली पातळ लाट खडकावरून सरकत आली, की गल्लीत ओरडतात तशी ओरडायची, ‘पाणी आलंऽऽ!’ आबा अन् मी पळत जायचो. हातात भांडं नाही, काही भरायचं नाही, तरी पळत जायचो.

मग ती बसायची. आत्ता बसलीय तशीच. आबा विजार गुडघ्यापर्यंत दुमडून तिच्या शेजारी. कधी तिचा पाय उचलून मांडीवर घ्यायचे अन् ओल्या वाळूनं टाच घासायचे. मायच्या टाचांना भेगा होत्या, हिवाळ्यात त्यातून रक्त यायचं. ती म्हणायची, ‘सोडा, कुणी बघंल.’ आबा म्हणायचे, ‘कोण? कुणी न्हाई म्हणून तर आलो.’ ती पाय सोडवून घ्यायची नाही.

मायचं माहेर वडवणीच्या अंगाला, एका लहानशा गावात. तिथल्या विहिरीला तिच्या लहानपणी तिला हात लावता येत नसे. बाजूला उभं राहायचं, कुणाला दया आली तर तो वरून ओतणार. तिनं हे मला त्या किनाऱ्यावरच सांगितलं, कंबरभर पाण्यात, पाणी दोन्ही हातांनी उडवत. ह्यावर मी ह्याहून जास्त लिहिणार नाही. लिहिलं की लोक हळहळतात, अन् मला त्यांची हळहळ नको. मला एवढंच सांगायचंय, की ती पाणी उडवत होती.

एके सकाळी मी उठले तर बादली रिकामी होती. उपडी, विहिरीच्या कडेला. माय अंगणात बसून बौदीबरोबर चहा पीत होती, केस मोकळे. मी घाबरून म्हणाले, ‘माय, पाणी भरलं न्हाईस?’ ती म्हणाली, ‘लागंल तवा काढू.’ आमची सुट्टी त्या सकाळी सुरू झाली, असं मी मानते. आधीचे दिवस प्रवासाचे.

आणि मग परत. परतीचं बाकी काही आठवत नाही, एकच आठवतं. गल्लीत शिरायच्या आधी स्टँडमागच्या पानटपरीशी आबा थांबले, खिशातून काळा चष्मा काढला अन् मायच्या हातात दिला. दोघं एकमेकांकडं बघत राहिले. तिनं तो घातला.

आमच्याकडं आजारी माणसाला भेटायला जाणं हे फार मोठं कर्तव्य असतं. बिस्किटाचा पुडा घ्यायचा, खाटेच्या कडेला बसायचं, पाय दाबायचे, अन् मग स्वतःच्या दुखण्याची कहाणी लावायची. माय खाटेवर पडून होती. काळा चष्मा, वर हिरवं फडकं. खाटेखाली पुड्यांची चळत. समुद्राच्या उन्हानं ती रापून तव्यासारखी झाली होती, नाकाची सालं निघत होती. एक बाई म्हणाली, ‘दवाखान्यातून आलेलं माणूस गोरं हून येतंय. ही तर पार करपली!’ तर जनाकाकूंनीच तिची बाजू घेतली. ‘मद्रासचं ऊनच तसलं असतंय. बिचारीला खिडकीची खाट दिली आसंल.’ माझी माय चष्म्याआड डोळे मिटून पडली होती. तिच्या केसांना अजून समुद्राचा वास येत होता. मी उशाशी बसले होते, मला यायचा. मला हसू आवरेना म्हणून मी बाहेर पळाले, अन् बाहेर गेल्यावर का कोण जाणे रडले.

चष्मा उतरला, फडकं गेलं, बिस्किटं संपली. पण ते खोटं राहिलंच. आधी वाटलं, जरा दिवस जाऊ द्यावेत, मग सांगू. मग दुष्काळ वाढला. मग नाना कारखान्यावरून वाळून परत आला, त्याच्यापुढं कुठल्या तोंडानं सांगायचं? आबा म्हणायचे, ‘सांगू एक दिवस.’ तो दिवस काही आला नाही. धक्क्यावरच्या फोटोवाल्यानं काढलेला आमचा एकच फोटो होता, तोही पेटीच्या तळाशी, कागदाखाली गेला. गल्लीत टीव्ही आले. सिनेमात समुद्र दिसला की बायका म्हणायच्या, ‘अगं माय, केवढं असंल गं ते पाणी?’ अन् माझी माय गप्प बसायची. अख्ख्या गल्लीत समुद्रात बसून आलेली ती एकटी बाई, अन् तिलाच बोलायची बंदी! लोकांना दुःख लपवावं लागतं म्हणतात. आमच्या घरात सुख लपवलेलं होतं, अन् ते मायला आतून डाचत होतं. भांडी घासताना, लसूण सोलताना मधेच थांबायची, एवढंच म्हणायची, ‘आत्ता आलं आसंल तिथलं पाणी.’ ते मला अन् आबांनाच कळायचं.

आबा गेल्या पावसाळ्यात गेले. झोपेतच. पेटी आवरताना तो फोटो निघाला. आबांची विजार गुडघ्यापर्यंत, माझ्या तोंडात नारळाचा तुकडा, अन् माय तोंड उघडून, डोकं मागं टाकून हसतेय. मायनं तो फोटो बराच वेळ धरला. मला वाटलं रडेल. ती म्हणाली, ‘मला परत तिथं जायचंय. अन् ह्या बारीला खरं सांगून जायचंय.’

मी तिकिटं काढली. मला परवानगी कुणाची घ्यायची होती? पण नाना आता घरातला वडीलधारा. म्हातारा झालाय, कोयत्यानं त्याचा खांदा उतरवलाय, चालताना वाकतो. तो मायसमोर बसला अन् हात जोडून म्हणाला, ‘वैनी, दादाचं वर्ष झालं न्हाई अजून. बाईमाणूस पांढऱ्या कपाळानं समुद्रावर मजा करायला गेली, तर लोक काय म्हणतील? जायचंच तर गुडघ्याचं सांगू. ऑपरेशनला गेली म्हणू. सगळ्यांचेच गुडघे दुखतेत.’

‘न्हाई,’ माय म्हणाली. ‘एकदा डोळे दिले. आता गुडघे देणार न्हाई.’

नाना चकित होऊन बघत राहिला. मग तिनं त्याला ती पहिली गोष्ट सांगितली. मद्रास, दवाखाना, सगळं खोटं, समुद्र खरा. मला वाटलं तो भडकेल. तो जमिनीकडं बघत म्हणाला, ‘मी तवा पालात व्हतो वैनी.’

‘माहीत हाय. तुमी राबलाव. तुमच्यासाठी जीव तुटायचा माझा. पण तुमी राबलाव म्हणून मी हसायचंच न्हाई का? कुणी तरी हसायला पायजे का नको ह्या घरात?’

माय म्हणाली, ‘गल्लीला तुमीच सांगा. तुमच्या तोंडानं. वैनी कुठं गेली, कशाला गेली, खरं सांगा.’ त्यानं मान हलवली. आम्ही बीडहून, माझ्या घरून पहाटे निघालो. मायनं वाटेत मला दोनदा विचारलं, ‘सांगतील ना गं नाना?’ मी म्हटलं, सांगतील.

बौदी आता नाही. तिच्या अंगणात तिच्या सुनेनं खाणावळ काढलीय, विहिरीवर जाळी आहे, मोटर आहे. लाल वाटेवर डांबर आलं, भाड्याच्या स्कूटर आल्या. केवड्याची ती झाडं काही ठिकाणी आहेत, काही ठिकाणी हॉटेलांच्या खुर्च्या आहेत. मला हे सगळं बघून नको झालं. मायला नाही झालं. ती सरळ पाण्याकडं चालत गेली, चपला माझ्या दिशेला फेकल्या अन् बसली. एका बाजूला थोडी जागा सोडून बसली. ते मी पाहिलं, बोलले नाही.

आत्ता, एवढं लिहून होतं न होतं तोच, नानाचा व्हिडीओ कॉल आला.

‘जयभीम,’ नाना म्हणाला. आवाज दबका होता. त्याच्या मागं आमची गल्ली दिसत होती, ओट्यावर बायका, अन् अगदी खांद्याशी जनाकाकू, दात गेलेल्या, डोळे बारीक करून. ‘काकू आल्यात. वैनीचा गुडघा कसा हाय, इचारायल्यात.’

मला कळलं. त्यानं सांगितलं नव्हतं. त्याला जमलं नव्हतं. माझ्या हाती एवढंच होतं, की मायला झोप लागलीय म्हणायचं अन् फोन ठेवायचा. मायनं तिकडून विचारलं, ‘कोण हाय गं?’

‘नाना. गुडघ्याचं विचारतेत.’

तिनं माझ्याकडं बघितलं. एक लाट आली, गेली. ‘आण इकडं,’ ती म्हणाली. मी तशीच पाण्यात शिरले, सलवार भिजली, अन् फोन तिच्यासमोर धरला.

‘अगं माय!’ जनाकाकू ओरडल्या. ‘हे मागं निळं निळं काय हाय?’

‘समुद्र हाय काकू.’

‘अन् दवाखाना?’

‘दवाखाना न्हाई. गुडघा चांगला हाय. अन् तवा डोळेबी चांगले व्हते. तवाबी आमी हितंच आल्तो. मी, हिचे आबा अन् ही पोरगी. मजा करायला आल्तो.’

ओट्यावरच्या बायका उठून फोनाशी आल्या, पडद्यावर नुसती डोकीच डोकी.

‘वैनी,’ तो म्हणाला, ‘आता लोकांला मी काय सांगू?’

‘सांगा, वैनी समुद्रात बसलीय.’

‘अन् कवा येणार म्हणलं तर?’

‘म्हणावं, मन भरल्यावर.’

नानानं तोंड उघडलं, पण त्याच्या हातातून फोन गेला. ‘तू सरक रे,’ जनाकाकूंचा आवाज आला, अन् मग पडद्यावर फक्त त्यांचं सुरकुतलेलं तोंड, इतकं जवळ की नाकच दिसत होतं. आता त्या काय म्हणतात म्हणून मी फोन दोन्ही हातांनी धरला. एवढी वर्षं ज्या बाईला आपण फसवलं, जिनं पाय दाबले, जिनं बाजू घेतली, ती.

‘मला सांग गं,’ काकू म्हणाल्या, ‘खरंच खारं असतंय का ते?’

माझ्या मायचं तोंड वाकडं झालं, मला वाटलं आता रडते. तिनं ओंजळीत पाणी घेतलं, काकूंना दिसेल असं जिभेला लावलं, अन् तिचे डोळे भरून वाहू लागले तरी तिनं ते पुसले नाहीत.

‘लई खारं काकू,’ ती म्हणाली. ‘बसा. पहिल्यापासून सांगते.’